बाटली भरलेलीच घरी येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यात शाळा उघडतील. औक्षण, फुगे, नवी पुस्तकं, सजवलेल्या बैलगाडीतून पहिलीच्या पोरांची मिरवणूक असा प्रवेशोत्सव सातारा-सांगलीच्या गावागावांत होईल आणि तो व्हावाच. आमचं म्हणणं त्यानंतरच्या रोजच्या दिवसाबद्दल आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल साडेदहा ते पाच शाळेत असतं आणि एवढ्या वेळात कित्येक मुलं जेमतेम दोन घोट पाणी पितात. पाणी नसतं असं नाही. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं आणि शाळेच्या स्वच्छतागृहात जायला नको वाटतं, म्हणून पीत नाहीत. चौथीच्या पुढच्या मुलींत तर हे सर्रास दिसतं. बाटली सकाळी भरून जाते आणि संध्याकाळी भरलेलीच घरी येते. आई समजते, पोरगी विसरली.

आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला पाणी, दूध, ताक मिळून साधारण सव्वा लिटर जायला हवं, त्यातलं निम्मं तरी शाळेच्या वेळेत. मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा: वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं. आठ वर्षांच्या मुलाचे ३०० मिलिलिटर होतात. म्हणजे दोन-तीन तासांनी जाणं आलंच. रोज दाबून धरलं की लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, जंतुसंसर्ग. कमी पाण्याने शौचाला खडा होतो, डोकं दुखतं, दुपारनंतर पेंग येते. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्याआधी त्या मुलाने पाणी प्यायलं का, हे विचारलेलं बरं. लघवी गडद पिवळी होत असेल, घरी आल्याआल्या मूल मोरीकडे धावत असेल, तर पालकांनी ते शाळेच्या कानावर घालावं. ताप आणि जळजळ दोन्ही असेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हाही हे आवर्जून सांगावं, कारण वजन-उंचीच्या धांदलीत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पहिलीतल्या मुलाची अडचण वेगळीच असते. त्याला चड्डीचं बटण सुटत नाही, दाराची कडी हाताला येत नाही आणि मधल्या सुट्टीत सातवीची मुलं पुढे घुसतात. वर्गातच कपडे ओले झाले की हसू होतं, आणि दुसऱ्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून शाळा बुडते. उपाय किरकोळ आहेत. पहिली-दुसरीला दहा मिनिटं आधी सुट्टी द्यावी. कपाटात दोन-तीन मापांच्या चड्ड्या आणि एक टॉवेल ठेवावा. तास चालू असताना हात वर केला की जाऊ द्यावं, ‘आत्ताच सुट्टी झाली ना?’ हा प्रश्न बंद करावा. दाराला आतून कडी जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असावी. सोळा लिटरची बादली लहान मूल उचलू शकत नाही. पाच लिटरची बादली, मग आणि आतच खाली बसवलेली तोटी हवी.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडला की अडचण कुठे आहे ते कळतं. शाळेचा पट ८० मुलांचा धरू. पिण्याला पाऊण लिटरप्रमाणे ६० लिटर. दोनदा हात धुवायला अर्धा-अर्धा लिटर म्हणजे ८०. स्वच्छतागृहात दोन खेपा, खेपेला दोन लिटर, म्हणजे ३२०. खिचडीची भांडी आणि ताटं १००. फरशी, सफाई ६०. एकूण ६२० लिटर. हजार लिटरची टाकी दीड दिवस पुरते, तीही तोटी गळत नसेल तर. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात जिथे चौथ्या दिवशी पाणी सुटतं तिथे अडीच हजार लिटरची साठवण हवी. त्याऐवजी एकच टाकी असते, स्वयंपाकाला पाणी राखून ठेवायचं म्हणून स्वच्छतागृहाचा कॉक बंद केला जातो आणि वर सांगितलेलं सगळं त्यातून घडतं. वीजबिल थकून मोटर बंद पडली तरी शेवट हाच.

पाणी शुद्ध करण्यात दोन टोकं दिसतात. एकतर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलीच जात नाही, नाहीतर अंदाजाने मूठभर टाकतात, मग वासामुळे मुलं तोंड लावत नाहीत. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. हजार लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ते पाच ग्रॅम पुरते. ती कोरडी टाकायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून बादलीत पाणी वाढवावं, पाच-दहा मिनिटं निवळू द्यावं, वरचं नितळ पाणी टाकीत ओतावं, खालचा चुन्याचा गाळ फेकून द्यावा. पिण्याआधी निदान अर्धा तास जाऊ द्यावा, एक तास गेला तर उत्तम. नंतर पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी ओ. टी. टेस्ट करावी: फिका पिवळा रंग आला की ठीक, रंगच आला नाही तर पावडर शिळी असू शकते. तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतली पावडर काही आठवड्यांत निकामी होते. ग्रामपंचायतीच्या टाकीत जलसुरक्षकाने (गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याने) आधीच टीसीएल टाकलेलं असेल तर शाळेत पुन्हा टाकू नये, फक्त टेस्ट करावी. पिंपाला तोटी बसवावी. ती नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं हवंच, पेला बुडवणं नको. देणगीत मिळालेली पाणी शुद्ध करणारी यंत्रं आम्ही अनेक शाळांच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली पाहतो. फीत कापायला माणसं येतात, फिल्टर बदलायला कुणी येत नाही. यंत्र देणाऱ्याने तीन वर्षांच्या देखभालीचे पैसेही द्यावेत, नसतील तर टाकी आणि तोट्या द्याव्यात.

हात धुण्यासाठी दहा फुटांचा पीव्हीसी पाइप पुरतो. फुटाफुटावर अडीच-तीन मिलिमीटरचं छिद्र पाडून एका टोकाला वॉल्व बसवायचा. नऊ-दहा मुलं एकदम हात धुतात, वॉल्व एकाच्या हाती राहतो, पाणीही वाचतं. साबण उघडा ठेवला तर कावळे पळवतात, म्हणून जाळीच्या पिशवीत घालून टांगावा. सांडपाणी परसबागेतल्या शेवग्याला सोडावं; तिथेच साचू दिलं तर चिखल आणि डास होतात आणि महिन्याभरात मुलं तिकडे फिरकत नाहीत.

आता खरी अडचण, म्हणजे सफाई कोण करणार. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० रुपये आहे, ३० पर्यंत पट असेल तर १०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे ८० पटाच्या शाळेला २,५०० रुपये, महिन्याला दोनशे आठ. यात साबण आणि फिनेल कसंबसं भागतं, माणसाची मजुरी निघत नाही. मग शिक्षक स्वतः करतात, नाहीतर शिजवणाऱ्या ताईंना सांगतात (अन्न शिजवणाऱ्या हातांना हे काम देऊच नये), नाहीतर मुलांच्या हातात खराटा जातो. वर्ग झाडणं ठीक आहे, सगळ्यांनी आळीपाळीने करावं. स्वच्छतागृह मुलांकडून धुऊन घेऊ नये. कुणाच्या मुलाच्या हातात बादली जाते हे गावात जातीवरून ठरतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. डॉ. आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. शिपाई हजर नसेल तर आपल्याला शाळेत पाणी मिळत नसे, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. भाषणांत ते वाक्य येतं, भाषण संपल्यावर नळाकडे कुणी पाहत नाही.

सफाईत एक धोका सांगायलाच हवा. डाग जावेत म्हणून आणलेलं ॲसिड आणि टीसीएल कधीही एकत्र होऊ देऊ नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत जिवावर बेततं. ॲसिडने स्वच्छतागृहाच्या भांड्याची चकाकीही जाते, मग घाण अधिकच धरते. साधी धुण्याची पावडर आणि ब्रश रोज फिरला तर ॲसिड लागत नाही.

स्वच्छतागृहाला लावलेल्या कुलपाबद्दल मुख्याध्यापकांना दोष देणं सोपं आहे. ते कुलूप लावतात कारण कंपाउंड नसतं, रात्री तिथे बाटल्या फुटतात. पण संध्याकाळी लावायचं कुलूप सकाळी निघालं पाहिजे, आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या खिशात नसावी.

ग्रामपंचायतीला पैसा नाही, हे उत्तर पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला होता. कित्येक गावांत तो गटारात आणि पेव्हिंग ब्लॉकमध्ये गेला, शाळेची टाकी यादीत आलीच नाही. गावाच्या खर्चाचा आराखडा करताना शाळेने लेखी मागणी दिलेली नसते, हेही तितकंच खरं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. महिन्याच्या सभेची पहिली दहा मिनिटं कार्यालयात न बसता तोटी, टाकी आणि दोन्ही स्वच्छतागृहांपाशी उभं राहून घालवावीत. आयांना तिथे जे दिसतं ते इतिवृत्तात आपोआप उतरतं. केंद्रप्रमुखांनीही भेटीच्या दिवशी यू-डायसमधल्या (शाळांच्या सरकारी माहितीनोंदीतल्या) ‘कार्यरत’ या नोंदीवर न थांबता मधल्या सुट्टीत तोटी सोडून पाहावी.

शाळा उघडण्याआधीच्या मासिक सभेत प्रत्येक ग्रामपंचायतीने एवढाच ठराव करावा: सफाई कामगार आठवड्यातून किमान तीन दिवस शाळेत सकाळी नऊ वाजता येईल, त्याची मजुरी ग्रामपंचायत देईल, मोटरचं वीजबिल थकणार नाही आणि टाकी दर दोन महिन्यांनी धुतली जाईल. ठरावाची प्रत शाळेच्या फलकावर लावावी. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या तिच्यावर असाव्यात, म्हणजे विचारायला कुणाकडे जायचं हे पालकांना ठाऊक राहील.

आपले,
जिल्हा परिषद शाळांतील काही निवृत्त शिक्षक व आरोग्य कर्मचारी,
ता. खटाव, जि. सातारा