सोंदेकरांच्या वाड्यासमोर

फोंडा,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तर लिहायला रोज बसायचो आणि रोज काहीतरी निघायचं. आज मात्र लिहून पुरं केल्याशिवाय उठणार नाही, कारण परवापासून एक गोष्ट मनात घोळतेय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगावीशी वाटत नाही.

सोमवारी नागेशीला गेलो होतो. पाऊस असा की तळीच्या पायऱ्या उतरायची हिंमत होईना. दर्शन घेऊन परतताना बांदिवड्यात सोंदेकर राजांच्या वाड्यापाशी थांबलो. आत गेलो नाही, छत्री धरून बाहेरूनच बघत राहिलो. जन्मभर त्या वाटेने जातो-येतो, पण ही माणसं इथे आली तेव्हा पहिली रात्र त्यांनी कशी काढली असेल, हे कधी मनात आलंच नव्हतं.

सोंदे तुला आठवत असेल. कर्नाटकातल्या शिरशीच्या पुढे, आपण वादिराजस्वामींचं समाधी-वृंदावन बघायला गेलो होतो ते. सुपारी आणि मिरीचा मुलूख. घाटावर सोंदेकरांची राजधानी, आणि घाटाखाली आपला अंत्रुज म्हणजे हा फोंड्याचा मुलूख, काणकोण हा सगळा भागही त्यांचाच. १७६३ साली हैदर अलीने शेजारचं बिदनूरचं राज्य घेतलं आणि मग तो सोंद्यावर वळला. राजा सवाई इम्मडी सदाशिव कुटुंबकबिला घेऊन पोर्तुगिजांच्या आश्रयाला गोव्यात आला. पोर्तुगिजांनी आसरा दिला आणि घाटाखालचा मुलूखही ताब्यात घेतला. १७९१च्या तहाने तो कायमचा त्यांचा झाला. म्हणजे बघ, घराणं परमुलखात गेलंच नाही. कालपर्यंत ज्या गावांचा वसूल त्यांच्याकडे जायचा, त्याच गावात ते पाहुणे म्हणून राहिले. मला हे परदेशी जाण्यापेक्षा कठीण वाटतं. परदेशात निदान तुम्हाला कुणी ओळखत नाही. इथे देवळात जाताना समोरून येणारा महाजन क्षणभर थांबला असेल. पूर्वीसारखा वाकू की नको?

राजाचं काय झालं ते कागदोपत्री सापडतं. माझा जीव अडकतो तो घरातल्या बायकांत. शिरशीचा पाऊस इथल्यापेक्षा काही कमी नाही, त्यामुळे पावसाने त्या बुजल्या नसतील. उलट सगळं फार ओळखीचं वाटलं असेल, आणि त्याचाच त्रास झाला असेल. इथलं कुळागर म्हणजे सोंद्याचीच बाग. तीच उतारावरची माड-पोफळी, तेच पाटाचं पाणी, पोफळीला बिलगून वर गेलेली तीच मिरवेल. श्रावणात मिरीला हिरवे घोस लागलेले असतात. मला सारखी दिसते ती राजघराण्यातली एखादी मुलगी, दहा-बारा वर्षांची. कुळागरात शिरून तिने एक कोवळा दाणा तोडून दाताखाली धरलाय. चव अगदी घरची, आणि झाड दुसऱ्याचं. धावत जाऊन आईला सांगावं तर आई ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

मग बोली. घरात कानडी, दाराबाहेर कोंकणी. पहिल्या वर्षी बाजारहाट नोकरांकरवी झाला असेल. पण बरोबर आलेले सगळे नोकर किती काळ पोसणार? एकेकाला निरोप द्यावा लागला असेल. कुणी घाट चढून परत गेला असेल, कुणी इथेच लग्न करून राहिला असेल. राज्य गेलं ते कुणी एका दिवशी येऊन सांगितलं असेल, पण ते खरं कळलं असेल ते अशा दिवशी, जेव्हा जुन्या स्वयंपाक्याला बोळवून घरातल्या थोरलीने स्वतः चूल पेटवली. हे सगळं माझ्या कल्पनेतलं आहे, दत्ता, पण मला ते खोटं वाटत नाही.

आणि एक गोष्ट तिथे उभा असतानाच सुचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंत्रुज हा मुळात परागंदा देवांचा मुलूख! मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून याच बांदिवड्यात. पोर्तुगिजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा रातोरात नदी ओलांडून माणसांनी देव पलीकडे नेले, ते १५६०च्या आसपासचं. तेव्हा पलीकडे आदिलशाही होती. सोंदेकरांचा अंमल नंतरचा. पण दोनशे वर्षांनी देवांच्या वाटेनेच राजा आला. फरक इतकाच की देव पोर्तुगिजांपासून पळून आले होते, आणि राजा पोर्तुगिजांकडेच. नागेश मात्र कुठून आलेला नाही. त्याच्या आवारातला शिलालेख १४१३ सालचा आहे. निर्वासितांच्या त्या सगळ्या गोतावळ्यात हा एक घरचा यजमान, आणि राजाने बिऱ्हाड केलं ते त्याच्या शेजारी. निदान सकाळी घंटा ऐकून बायकांना बरं वाटलं असेल.

रत्नागिरीला थिबाचा राजवाडा बघितला तेव्हा तू म्हणाला होतास, एवढी मोठी वास्तू, पण घर वाटत नाही. खरंच होतं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली पहाऱ्यात आणलं, वाडा पुरा झाला १९१०ला, आणि सहा वर्षांत तो वारला. पण त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू रत्नागिरीतच लहानाची मोठी झाली, तिथेच संसार केला आणि चारचौघींसारखी मराठी बोलली. थिबाला तिथली माती कधी आपली वाटली की नाही, कोण जाणे. नातीला मात्र तीच माती आपली होती.

हे सगळं मी कशावरून रचतोय, असं तू विचारशील. तुझ्या आईवरून. साळावलीच्या धरणाच्या पाण्याखाली तुमचं कुर्डी गाव गेलं तेव्हा तुमचं सामान ट्रकमध्ये भरायला मी आलो होतो. काका म्हणत होते, दगड कशाला न्यायचे, नव्या वाडे गावात दगड मिळत नाहीत का? आणि आई रगड्याला हात लावून उभी. एक शब्द बोलली नाही. शेवटी तू, मी आणि ड्रायव्हर अशा तिघांनी तो उचलला. माझ्या अंगठ्याला लागलं तेव्हा तिने पदराने रक्त पुसलं आणि मग पहिल्यांदा रडली. नव्या घरात चुलीची जागा ठरायच्या आधी रगड्याची ठरली. सोंद्याहून निघताना कुणाला रगडा आणता आला नसेल. पहिलं वाटण परक्या दगडावर वाटलं असेल, आणि हाताला त्याचा खळगा नवा लागला असेल.

म्हणून विचारतो, तो रगडा अजून वापरात आहे का? की मिक्सर आल्यावर मागीलदारी गेला? आईला माझा नमस्कार सांग आणि विचार, कुर्डीच्या घरात तो नेमका कुठे होता. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की कुर्डीच्या सोमेश्वराच्या देवळात जाऊ, तेव्हा ती जागा मला दाखव. जोती अजून दिसतात म्हणे. गुडघ्यांमुळे आईला चालवणार नसेल तर गाडी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत नेऊ, पुढचं आपण दोघं बघू.

उत्तर लवकर धाड.

तुझा,
उल्हास