सूचना : परदेशी पेटंटच्या मुदती आणि शनिवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता रबाळ्याच्या आपल्या कार्यालयात बैठक आहे. माल परदेशी पाठवणाऱ्या प्रत्येकाने यावंच, ही कळकळीची विनंती.

भारतात मिळालेलं पेटंट फक्त भारतात चालतं. बाहेर संरक्षण हवं असेल तर इथल्या पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत तिकडे अर्ज करा, किंवा त्याच मुदतीत पीसीटीचा (पेटंट सहकार्य करार, म्हणजे अनेक देशांसाठी एकच अर्ज) आंतरराष्ट्रीय अर्ज करा. पीसीटीत देश निवडायला पहिल्या अर्जापासून साधारण ३० महिने मिळतात, भारतात ३१. थेट परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी लागते. इथे अर्ज करून सहा आठवडे झाले असतील तर सहसा लागत नाही. लागणारी परवानगी न घेताच बाहेर अर्ज केला तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो.

माझा स्वतःचा घाव सांगतो. अर्ज करण्याआधीच व्हॉल्व्हच्या नव्या सीटचा कापलेला नमुना मी प्रदर्शनात टेबलावर मांडला, लोकांनी मोबाईलवर फोटो काढले. युरोपात नावीन्याची अट (अर्जाआधी शोध कुठेही उघड झालेला नसावा) फार कडक, तिथलं दार तेव्हाच बंद झालं. म्हणून आधी अर्ज, मगच प्रदर्शन.

कॉपीराइटचं तसं नाही. कॅटलॉग, सॉफ्टवेअर, मॅन्युअल यांना बर्न करारामुळे (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) सदस्य देशांत नोंदणीशिवायच संरक्षण मिळतं. तरी तारखेसह मूळ फाइली जपून ठेवा.

येताना आपल्या अर्जांच्या तारखा लिहून आणा.

– सचिव