हॉर्मोनच्या नावाने सरसकट घाबरवू नका

संपादक महोदय,

तुमच्या आरोग्य पुरवणीत पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासावर जो लेख आला तो आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होता. लक्षणं अगदी नीट लिहिली होती, अंगातून गरम वाफा निघणं, रात्री दरदरून घाम फुटून जाग येणं, चिडचिड, सांधे धरणं, सगळं आलं होतं, त्याबद्दल आभार. पण उपायांवर आल्यावर लेखकाला काय घाई झाली कोण जाणे, "हॉर्मोनने कॅन्सर होतो, शक्यतो टाळावे" एवढ्या एका ओळीत विषय मिटवला. ही ओळ वाचून ज्यांनी डॉक्टरकडे जायचा विचारच सोडून दिला असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, काही वर्षांपासून हॉर्मोन घेतेय आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांचं भरपूर डोकं खाल्लंय.

ही भीती आली कुठून ते आधी बघा. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा फार मोठा अभ्यास झाला, त्यातला गर्भाशय असलेल्या सोळा हजारांहून जास्त बायकांचा भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवला, कारण इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर अंगात कमी पडणारं हॉर्मोन) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) दोन्ही एकत्र घेणाऱ्यांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर, हार्टचा त्रास, स्ट्रोक आणि रक्ताच्या गुठळ्या यांचं प्रमाण जास्त दिसलं. बातमी झाली ती "ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो" अशी, आणि जगभर बायकांनी एका झटक्यात गोळ्या टाकून दिल्या. आता हे २६ टक्के उलगडून बघा. हॉर्मोन न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला साधारण ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. आठ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाहीये, त्या आठांतली एक आपल्या घरातली असेल तर आकडे कोण बघतंय, पण २६ टक्के ऐकून डोळ्यापुढे जे येतं ते हे नक्कीच नाही. त्यात या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पन्नाशीत वाफांनी हैराण होऊन डॉक्टरकडे जाणारी बाई आणि पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली बाई, दोघींच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात हो! आणि औषध कुठलं, तर गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन तोंडाने, सोबत एक विशिष्ट कृत्रिम प्रोजेस्टिन. आज बऱ्याच जणींना हे मिळतच नाही.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मात्र कोणाला आठवत नाही. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ मध्ये थांबवला, स्ट्रोक वाढले म्हणून, हे खरंच. पण ब्रेस्ट कॅन्सर त्यात वाढला नाही, उलट पुढे बरीच वर्षं लक्ष ठेवल्यावर कमीच दिसला. मग "हॉर्मोनने कॅन्सर होतो" यातलं हॉर्मोन नेमकं कुठलं?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे एक औषध नाहीये. आमच्या तिघींचंच बघा. मला गर्भाशय आहे, म्हणून मी इस्ट्रोजेनचं जेल कातडीवर लावते आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घेते (तिने झोप येते म्हणून रात्रीच घ्यायची, मला तर तो बोनसच वाटला). माझ्या बहिणीची पिशवी काढलीय, तिला फक्त इस्ट्रोजेनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, दुसरं काही नाही. आणि आमच्या एका मैत्रिणीला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, तिला यातलं काहीच चालत नाही, तिला डॉक्टरांनी डिप्रेशनच्या औषधांतलं एक कमी डोसमध्ये दिलं, त्यानेही वाफा कमी होतात. सांगा, लेखातली एक ओळ या तिघींना कशी पुरणार?

यात प्रोजेस्टेरॉनची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ग्रुपवर सर्वांत जास्त घोळ इथेच होता. वाफा थांबवायचं मुख्य काम इस्ट्रोजेन करतं. पण नुसतं इस्ट्रोजेन मिळत राहिलं की गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. १९७५ च्या सुमाराला हे अभ्यासांतून पुढे आलं, कारण तोवर बायकांना सर्रास नुसतं इस्ट्रोजेनच देत होते. प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला आवर घालतं. म्हणून पिशवी असेल तर दोन्ही घ्यायचे, कॅप्सूल नको असेल तर गर्भाशयात बसवायची हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू येते तीही हे काम करते. माझ्या बहिणीने अगदी प्रेमाने मला म्हटलं होतं की माझेच दोन पॅच लावून बघ ना, आणि हेच करायचं नाही! तिचं औषध तिला बरोबर आहे, माझ्यासाठी ते अर्धंच आहे आणि अर्धं म्हणजे धोक्याचं. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर प्रोजेस्टेरॉन महिन्यातले काही दिवस देतात, पूर्ण बंद होऊन वर्ष झालं असेल तर रोज. सुरुवातीचे काही महिने थोडं स्पॉटिंग, म्हणजे मधेच थोडंसं रक्त जाणं, होऊ शकतं, पण नंतरही होत राहिलं किंवा एकदम नव्याने सुरू झालं तर दाखवायचंच, "हॉर्मोनमुळे असेल" म्हणून बसून राहायचं नाही.

गोळी की जेल हाही नुसता सोयीचा प्रश्न नाही. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं, त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. कातडीतून गेलेलं तसं करत नाही, नेहमीच्या डोसला तो धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल किंवा मायग्रेन असेल तर डॉक्टर पॅच किंवा जेलच सुचवतात ते यामुळे.

आणि ज्या विषयावर कोणी तोंड उघडत नाही तो, खालचा कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखं युरिन इन्फेक्शन. यासाठी योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन वेगळं येतं, क्रीम किंवा छोटी गोळी, ते रक्तात जवळजवळ जात नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही आणि बरीच वर्षं वापरता येतं. तरी त्याच्या खोक्यातल्या कागदावर हार्ट, स्ट्रोक, कॅन्सर अशी सगळी भुतं छापलेली असायची, आता बाईने वाचून परत खोक्यात ठेवलं तर दोष कोणाचा? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०२५ मध्ये हॉर्मोनच्या औषधांवरच्या ठळक चौकटीतल्या अशा बऱ्याचशा सूचना काढायचं जाहीर केलं. ही बातमी तुमच्या लेखात का नव्हती?

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल मी जाहिरात करतेय. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल, हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक किंवा पायात-फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, लिव्हरचा चालू आजार असेल, रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल, तर हे सहसा देत नाहीत. दोन्ही हॉर्मोन एकत्र घेतले तर जितकी जास्त वर्षं तितकी ब्रेस्ट कॅन्सरची जोखीम थोडी थोडी चढते, म्हणून दरवर्षी बसून हिशोब करायचा की अजून गरज आहे का. वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील आणि त्रास खरंच असेल तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जोखमीपेक्षा जास्त, असं आज जाणकार सांगतात. तरुण दिसायला किंवा वजन उतरवायला मात्र हे औषध नाही, आणि गर्भनिरोधकही नाही. चाळिशीच्या आतच पाळी गेली असेल तर गणित उलटं होतं, तिथे न घेण्यानेच हाडांचं आणि हृदयाचं नुकसान होतं, म्हणून नेहमीच्या वयापर्यंत तरी हॉर्मोन द्यावेत असं सांगतात.

हॉर्मोन नकोच असेल तरी "सोसा" हे उत्तर नाही. वाफा सरासरी सात वर्षांहून जास्त चालतात असं अमेरिकेतल्याच एका लांबलचक अभ्यासात दिसलंय, सात वर्षं काय सोसायचं! २०२३ मध्ये फेझोलिनेटंट नावाची बिनहॉर्मोनची गोळी अमेरिकेत मान्य झाली, मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागावर ती काम करते, मात्र लिव्हरच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. सीबीटी पद्धतीच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनानेही वाफांचा जाच कमी होतो. "शंभर टक्के नैसर्गिक" लिहिलेल्या डब्यांबद्दल मी जास्त बोलत नाही, फक्त एवढंच की त्या लेखाच्या शेजारीच तशा एका डब्याची जाहिरात होती आणि त्यात साइड इफेक्टचा स सुद्धा नव्हता.

तर पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा एखादी छोटी चौकट द्या, की डॉक्टरकडे जाताना शेवटची पाळी कधी आली, पिशवी आहे की नाही, बीपी किती, घरात कोणाला ब्रेस्ट कॅन्सर किंवा गुठळीचा त्रास झालाय का, एवढं लिहून न्या आणि "कुठलं, कशातून, किती दिवस" हे तीन प्रश्न विचारा. पत्र लांबलंय हे कळतंय, कापायचं असेल तर माझ्याबद्दलचं खुशाल कापा पण प्रोजेस्टेरॉनचा परिच्छेद ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक