पळाला म्हणजे दुखत नव्हते असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अपघातात सापडलेल्या एका कुत्र्याबद्दल वाचकाचे पत्र आले आहे. गाडीची धडक बसली, मागचा पाय लोंबत होता, तरी कुत्रे एकदाही न केकाटता तीन पायांवर रस्ता ओलांडून गेले. यावरून ‘मुक्या जनावरांना आपल्याइतके दुखत नसावे’ असे त्यांनी म्हटले आहे. पत्रामागचा कळवळा मला जाणवला. पण हा समज जनावरांना फार महाग पडतो. पशुवैद्यक म्हणून त्याचे परिणाम रोज समोर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वाचकाने जे पाहिले ते अगदी खरे आहे. त्या क्षणी कुत्र्याला वेदना जवळजवळ जाणवलीच नसेल, हेही शक्य आहे. जिवावर बेतले असताना जखम चाटत बसणारे जनावर वाचत नाही. म्हणून मोठ्या धोक्याच्या वेळी शरीर स्वतःच वेदना दाबून धरते आणि त्यासाठी स्वतःजवळचेच औषध वापरते.

अफूने वेदना शमते हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते. पण अफूतले मॉर्फिन मेंदूत नेमके कुठे जाऊन चिकटते, हे १९७३ साली कळले. अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूसारखी द्रव्ये (ओपिऑइड) जिथे चिकटतात त्या पेशींवरच्या जागा, दाखवून दिले, आणि त्याच वर्षी आणखी दोन गटांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. साहजिकच प्रश्न आला की प्राण्यांच्या मेंदूत या जागा आल्या कशाला? खसखशीच्या बोंडाची वाट पाहत तर त्या बसल्या नसणार. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एनकेफॅलिन वेगळे काढले. जेमतेम पाच अमिनो आम्लांच्या या साखळ्या शरीरात तयार होतात आणि मॉर्फिनच्याच जागी जाऊन बसतात. पाठोपाठ एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन ही त्याच जातीची द्रव्ये सापडली.

ताणाचा आणि या द्रव्यांचा संबंध किती जवळचा आहे, हे मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत दिसते. तिथे एक मोठे प्रथिन तयार होते. ते तुटले की त्यातून ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावणारे एसीटीएच हे संप्रेरक मिळते, आणि त्याच प्रथिनातून बीटा-एंडॉर्फिनही मिळते. धोक्याची वर्दी आणि वेदनेवरचा उतारा यांचे मूळ एकच.

मेंदूतही तशीच सोय आहे. मध्यमेंदूतला एक करडा भाग खालच्या मज्जारज्जूपर्यंत निरोप धाडतो आणि जखमेकडून येणारे संदेश तिथेच अडवले जातात, पाटाचे दार वरच्या अंगालाच लावून घ्यावे तसे. जखम असते, मज्जातंतू काम करत असतात, पण बातमी वर पोचत नाही.

हे नुसते तर्क नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये जॉन लीबेस्किंड यांच्या गटाने १९८० साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेपटीवर प्रखर प्रकाशाची तिरीप पाडायची आणि चटका लागून शेपटी मागे घ्यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पायाला विजेचे झटके दिल्यावर हा वेळ वाढला, म्हणजे वेदना कमी जाणवू लागली. मग नॅलॉक्सोन दिले. हे औषध ओपिऑइड रिसेप्टर अडवून धरते. अर्धा तास थांबून थांबून झटके दिलेल्या उंदरांची बधिरता त्याने उतरली. तीन मिनिटे सलग झटके दिलेल्यांची मात्र तशीच राहिली. म्हणजे वेदना दाबण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत आणि ताण कसा व किती वेळ आला यावर कोणता मार्ग चालू होईल ते ठरते. नॅलॉक्सोनने न अडणाऱ्या, म्हणजे बिनओपिऑइड मार्गात शरीरातल्या गांजासदृश द्रव्यांचा हात असल्याचे पुढे २००५ मध्ये दिसले. हे ज्ञान ज्या जिवांना झटके देऊन मिळाले, त्यांच्याच जातीच्या उपयोगी ते पडत नसेल तर मला ते फार लाजिरवाणे वाटते.

आता दवाखान्यात काय घडते ते पाहा. मारामारीत चावा बसून शेपटीच्या बुडाशी गळू झालेले मांजर टेबलावर येते. अंग आखडलेले, पंजे पोटाखाली ओढलेले, बाहुल्या विस्फारलेल्या. गळवावर दाबले तरी हूं की चूं नाही. मालक म्हणतात, ‘डॉक्टर, याला दुखत नाही वाटतं.’ तेच मांजर तासभर अंधाऱ्या, शांत पिंजऱ्यात वर टॉवेल टाकून ठेवा. मग त्याच जागी बोट नुसते टेकवले की फिस्कारून हातावर येते. गळू तेवढेच असते, भीती तेवढी ओसरलेली असते. पहिल्या तपासणीवर विसंबून वेदनाशामक न देता मांजर घरी पाठवले, तर रात्र ते कुठल्या अवस्थेत काढणार, याची कल्पना करावी.

घोड्याचे उदाहरण तर आमच्या व्यवसायात जुनेच आहे. वरच्या ओठाला दोरीचा फास लावून पिळला की उधळलेला घोडा मुकाट उभा राहतो. १९८४ साली दिसले की या वेळी त्याच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढते आणि नॅलॉक्सोन दिल्यावर फासाचा गुण जातो. याचा आधार घेऊन काही जण फास निर्धोक ठरवतात. मला ते मान्य नाही. फास काही मिनिटांपलीकडे ठेवला की सुरुवातीला मंदावलेले हृदयाचे ठोके वाढू लागतात. घोडा उभा असतो, पण आतून शांत नसतो. घाईच्या एखाद्या इंजेक्शनापुरता फास ठीक आहे. टाके घालायचे तर गुंगीचे आणि जागा बधिर करण्याचे औषध हवेच.

आणि हे सारे थोड्या वेळच्या ताणाबद्दल झाले. ताण दिवसेंदिवस चालला की उलटेच घडते. रोज जखडून ठेवलेल्या उंदरांना काही आठवड्यांनी साधा स्पर्श, साधी ऊबही बोचू लागते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईपासून रोज काही तास दूर ठेवलेली पिल्ले मोठी झाल्यावर आतड्यातल्या वेदनेला जास्त हळवी असतात. ओपिऑइड रिसेप्टरचे मुख्य प्रकार तीन: म्यू, डेल्टा आणि कॅप्पा. मॉर्फिनचा आराम प्रामुख्याने म्यूमुळे मिळतो. पण ताणात सुटणारे डायनॉर्फिन कॅप्पावर बसते आणि त्यातून जिवाला बेचैनी येते. शिवाय चिंतेच्या काळात कोलेसिस्टोकायनिन हे द्रव्य ओपिऑइडच्या कामात आडवे येते. म्हणून अरुंद पिंजऱ्यात, सतत भुंकण्याच्या गोंगाटात किंवा एकट्याने खुंट्याला बांधून ठेवलेल्या जनावराची तीच जखम अधिक ठणकते, असे मी ठामपणे म्हणतो. निवारा, सोबत आणि झोप या गोष्टी वेदनेच्या उपचारातच धरायला हव्यात.

प्रयोगशाळांनाही हे लागू आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की खोलीत पुरुष संशोधक असला, इतकेच काय, पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि त्यांच्या वेदनेच्या खुणा कमी दिसतात. वासाने एवढा फरक पडत असेल, तर अनोळखी हातांनी मान धरून, पांढऱ्या उजेडात केलेल्या आमच्या तपासणीचे काय?

औषधांबाबतचे जुने गैरसमजही गेले पाहिजेत. मॉर्फिनने मांजर पिसाळते, असे अजून ऐकू येते. तो ग्रह नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट डोस दिलेल्या प्रयोगांतून पसरला. योग्य मात्रेत, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली मांजरांना ओपिऑइड चांगले मानवते. माणसांची गोळी मात्र घरी कधीच देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर दगावते.

ओरडण्यावरून वेदना मोजणे सोडून जखम कोणती आहे यावरून औषध द्यावे, एवढे माझे म्हणणे आहे. माणसाला ज्या जखमेने दुखेल, तिने जनावरालाही दुखते असे धरून चालावे. मांजरांच्या बाबतीत घरच्यांनाही जमेल असे एक साधन आता आहे. कान, डोळे, नाकपुड्यांभोवतीचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक झाले तर वेदनाशामकाची गरज समजायची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत मांजर आपल्या नेहमीच्या जागी, निवांत असताना वापरायची आहे. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक, डोके खांद्याच्या रेषेखाली, हे चित्रात पाहिले की पटकन ध्यानात येते. पुढच्या एखाद्या पुरवणीत आपण या पाच खुणांची रेखाचित्रे छापावीत, ही विनंती. सोबतचा मजकूर मी आनंदाने लिहून देईन.

आपला,
एक पशुवैद्यक