चीनमधल्या शिआनहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

इथे व्हॉट्सॲप चालत नाही, त्यामुळे रोजचे फोटो पाठवता येत नाहीयेत, आणि फोनवर बोलायचं तर आईचं जेवलीस का, झोपलीस का यातच वेळ जातो, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहावं. ऑफिसचं काम काल संपलं. आता सुट्टी जोडून घेतलीय आणि दिवसभर नुसती पायी फिरतेय.

बाबा, आधी तुमच्यासाठी. तुम्ही सातवीच्या वर्गाला ह्युएन त्संग शिकवायचात ना, तो इथला. म्हणजे तो याच शहरातून 629 साली निघाला आणि 645 साली इथेच परत आला, येताना आपल्याकडून 657 ग्रंथ घोड्यांवर लादून घेऊन. ते ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून त्याच्या सांगण्यावरून 652 साली मनोरा बांधला, पुढे तो पुन्हा बांधावा लागला, पण अजून उभा आहे! सात मजली, साधारण 64 मीटर उंच, बाहेरून अगदी साधा, विटांचा पिवळट रंग. आतून लाकडी जिना आहे, लिफ्ट नाही, वर जाईपर्यंत दम लागतो. वरच्या खिडकीतून रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ लांबपर्यंत दिसतात. मी तिथे उभी राहून एकच विचार करत होते की हा माणूस आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, हर्षाला नर्मदेवर अडवणाऱ्या पुलकेशीच्या राज्यात, आणि आपल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं की हे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, कोणी मदत मागितली तर स्वतःचं भान सोडून धावतात. डोंगरातल्या लेण्यांबद्दल आणि दाराशी असलेल्या दगडी हत्तींबद्दलही लिहिलंय. अजिंठ्याला सोळा नंबरच्या लेण्यापाशी तुम्ही मला त्या हत्तींना हात लावून दाखवला होतात. खाली चौकात त्याचा मोठा पुतळा आहे, हातात दंड घेतलेला, आणि लोक मुलांना पुढे उभं करून फोटो काढतात. मला इतकं भरून आलं की काय सांगू, तुम्ही सोबत असायला हवे होतात.

आई, तुला वाटेल हिला जुनंच काय ते दिसतं, पण शहर अफाट मोठं आहे, सव्वा कोटीच्या वर वस्ती, काचेच्या बिल्डिंगा, भाजीवाल्या बाईपाशीसुद्धा क्यूआर कोड. मेट्रो 2011 ला सुरू झाली आणि आता सगळीकडे पोचलीय. आणि ऐक, शहराच्या बरोबर मध्ये 1384 सालचा घंटेचा मनोरा आहे, त्याला हादरे बसू नयेत म्हणून मेट्रोचे दोन्ही बोगदे त्याच्या खालून न नेता दोन बाजूंनी वळवून नेलेत. इथे कुठेही खणायचं म्हटलं की काहीतरी निघतंच, त्यामुळे आधी पुरातत्त्ववाले येतात, त्यांचं झालं की मग मशीन. कामाला उशीर होतो, होऊ दे म्हणतात. मला हे फार आवडलं.

जुन्या शहराभोवती तटबंदी आहे, मिंग काळातली, जवळजवळ 14 किलोमीटर, आणि अखंड. वर इतकी रुंद की लोक सायकली भाड्याने घेऊन चक्कर मारतात, बॅटरीची गाडीपण असते, म्हणजे तुझ्या गुडघ्यांची काळजी नको. पण मला खरं सांगायचंय ते भिंतीच्या खालचं. खंदकाच्या कडेने बाग केलीय आणि सकाळी तिथे सगळी तुमच्या वयाची माणसं. कोणी हळूहळू ताई-ची करतंय, कोणी पत्ते, एका झाडाला पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले. एका कोपऱ्यात इथलं जुनं नाटकातलं गाणं चाललेलं, त्याला छिनच्यांग म्हणतात, खड्या आवाजात, अगदी पोटातून ओढून गातात. गाणाऱ्या आजी सत्तरीच्या असतील, अंगात लाल स्वेटर, एका हातात माईक, दुसऱ्या हाताने असे हावभाव की बघत राहावं, शेजारी दोन आजोबा तंतुवाद्य घेऊन आणि एकजण लाकडी टाळ्या वाजवणारा, ठेका चुकला की आजी गाणं थांबवून त्याच्याकडे बघायच्या आणि परत पहिल्यापासून. तिकीट नाही, स्टेज नाही, कोणाचा सत्कार नाही. रोजचंच आहे.

पलीकडे एक आजोबा बादलीत ब्रश बुडवून फरशीवर पाण्याने अक्षरं लिहीत होते, काठीएवढा लांब ब्रश, टोकाला स्पंज. कमरेत वाकत नव्हते, हात फक्त खांद्यातून हलायचा. एक नातू असेल, सातआठ वर्षांचा, त्याने छोटा ब्रश घेऊन बाजूला तेच अक्षर काढलं, आजोबांनी काही न बोलता त्याच्या अक्षराची एक रेघ सुधारली आणि पुढे गेले.

हे बघून मला सारखं वाटतं की आपल्याकडे आईची भजनं फक्त देवघरात आणि बाबांचं मोडी वाचन खोलीचं दार लावून का म्हणून? आई, तुझा आवाज अजून छान लागतो. संध्याकाळी शेजारच्या काकूंना घेऊन बागेत बसा आणि गा, कोण काय म्हणेल तो विचार नको. बाबा, तुम्ही पोरांना मोडी शिकवा, दोन आली तरी चालतील. मी मनापासून सांगतेय हे.

खाण्याचं म्हणशील तर तुमचे हाल होणार नाहीत. ल्यांगफी म्हणून तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या थंड पांढऱ्या पट्ट्या मिळतात, वर काकडी, लसूण, व्हिनेगर आणि लाल तिखट तेल, मांस नसतं त्यात. मुस्लिम मोहल्ल्यात मटणाच्या रश्श्याबरोबर कडक रोटी देतात आणि ती गिऱ्हाइकाने स्वतः बारीक कुस्करायची, सगळं घर टेबलाभोवती भाजी निवडायला बसल्यासारखं गप्पा मारत कुस्करत बसतं. त्याच भागात जुनी मशीद आहे, घुमट नाही, उतरती कौलारू छपरं, आत बाग.

सगळंच खरं जुनं आहे असं नाही हं. ह्युएन त्संगच्या मनोऱ्याच्या दक्षिणेला थांग काळासारखा, म्हणजे त्याच्या वेळच्या राजवटीसारखा दिसणारा झगमगीत रस्ता नव्याने बांधलाय, मुली त्या काळचे भरजरी कपडे भाड्याने घालून फिरतात, दिसतात गोड, पण गर्दी इतकी की मी लवकर निघाले. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैनिकही पाहिले, 1974 साली शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडले ते, त्याबद्दल घरी आल्यावर सांगेन.

आता महत्त्वाचं. बाबांचा पासपोर्ट संपलाय तो या महिन्यातच रिन्यूला टाका, अर्ज दादाला भरायला सांगा, आईचाही बघून घ्या. पुढच्या वर्षी आपण तिघं इथे येऊ. उन्हाळा इथेही कडक असतो आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा, पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरून चाला. आई, गुडघ्यांचं तेवढं डॉक्टरांना आत्ताच दाखवून घे.

तुमची लाडकी लेक