पट्टे जुळत नाहीत म्हणून गुण कापले

संपादक महोदय,

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात एकतीस वर्षे नक्षी काढायचं काम केलं. ग्राफ कागदावर चौकोन भरायचे, त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. अर्धा मोर काढला की उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उलटा काढायचा. दोन्ही काठ जुळले नाहीत तर माल परत. त्यामुळे पुढची तक्रार माझ्या तोंडी शोभत नाही, तरी लिहितो.

नातू आठवीत आहे. शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात त्याने १:३५ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, 'पँझर ४' हा जर्मन रणगाडा ठेवला होता. वीतभर लांबीचा, तीन रंगांच्या कॅमोफ्लाजचा, म्हणजे शत्रूला दिसू नये म्हणून मारलेल्या पट्ट्यांचा. परीक्षकांचा शेरा आला: 'रंगकाम अस्वच्छ. दोन्ही बाजूंचे डिझाइन जुळत नाही.' वीसपैकी नऊ गुण. पहिला नंबर मिळाला तो चकचकीत हिरव्या ऑइलपेंटच्या, सोनेरी किनारीच्या रणगाड्याला. त्या मुलाचीही मेहनत दिसत होती, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण पट्टे जुळायचेच नव्हते! फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाड्यांना मूळ रंग गडद पिवळा देऊ लागले. वरून मारायचा हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्यासारखा, डब्यांतून थेट तुकड्यांकडे जायचा. जवान तो पेट्रोलमध्ये कालवायचे, पेट्रोल नसलं तर पाण्यात. पाण्यात कालवलेला पावसात धुऊन जायचा. फवारा असला तर फवाऱ्याने, नाहीतर ब्रशने मारायचे. मग दोन रणगाडे काय, एकाच रणगाड्याच्या दोन बाजू तरी सारख्या दिसणार कशा?

नातवाने ही माहिती काढली तेव्हा मीसुद्धा आधी त्याला, "अरे, उजवीकडे हाच पट्टा घे की," असं म्हणालोच होतो. हाताला वळण तेच. तो म्हणाला, "आजोबा, ही चादर नाही." मग त्याने मला नीट समजावलं. पट्टा टरेटवरून, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावरून, सरळ खालच्या धडावर उतरला पाहिजे, कोपऱ्याशी थांबला तर कोपरा उलट उठून दिसतो. तोफेची नळी म्हणजे सरळ रेघ, दुरून आधी तीच ओळखू येते, म्हणून तिच्यावर रंगाचे आडवे तुकडे. आणि डब्यातला रंग जसाच्या तसा लावायचा नाही. एवढ्याशा वस्तूवर तो फार काळपट वाटतो, थोडा पांढरा मिसळून फिकट करावा लागतो.

एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा, आमच्याकडे नाही. पट्ट्यांच्या कडा मऊ याव्यात म्हणून पोराने जुन्या गादीतल्या स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून टिपटिप रंग लावला. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. त्याने त्यात ग्लिसरीनचा थेंब टाकला, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. चाकांभोवतीच्या चेनवर मातीचा रंग चढवायला दोन रविवार गेले. 'अस्वच्छ' म्हणतात ते बहुधा हेच असावं.

नान्नजच्या माळावर आम्ही मालढोक बघायला गेलो होतो. तो काही दिसला नाही. टिटवीची अंडी मात्र पायाखाली येता येता वाचली. उघड्या जमिनीवर चार अंडी, मातकट, वर काळे डाग, आणि एका अंड्याचे डाग दुसऱ्यासारखे नाहीत. त्या अंड्यांना परीक्षकांनी किती गुण दिले असते कोण जाणे.

गुण वाढवून मागत नाही, प्रदर्शन केव्हाच संपलं. एवढंच सुचवतो की पुढच्या वर्षी प्रत्येक वस्तूपुढे मुलाला उभं करावं आणि शेरा लिहिण्याआधी 'हे असं का केलंस?' एवढं विचारावं. आमच्या पोराला कुणी काही विचारलंच नाही. त्याच्याकडे दोन पानं टिपणं तयार होती, ती दप्तरातच राहिली.

रणगाडा आता घरी आहे. कपाटात माझ्याच एका मोराच्या चादरीवर ठेवला तर ठळक दिसतो. परवा नातवाने तो अंगणात कडुनिंबाच्या पाचोळ्यात ठेवला, आणि झाडायला आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्यावर खराटा घातला. नळी वाकली आहे. दुरुस्ती चालू आहे.

आपला,
एक निवृत्त नक्षीकार, सोलापूर