थिबा राजवाड्यातील सहा वर्षे

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पर्यटनविषयक पानावर थिबा राजवाड्यासंबंधी आलेला मजकूर रत्नागिरीकर या नात्याने आपुलकीने वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. मात्र ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) राजाला इंग्रजांनी या राजवाड्यात तीस वर्षे ठेवले होते, हे त्यातील विधान बरोबर नाही. हा समज आमच्या गावातही इतका पक्का आहे की रिक्षावाले तेच सांगतात आणि पाहुण्यांना वाडा दाखवताना मीही कित्येक वर्षे तेच सांगत आलो. म्हणून हा पत्रप्रपंच.

थिबा राजाने मंडाले या आपल्या राजधानीत इंग्रजांपुढे शरणागती पत्करली ती नोव्हेंबर 1885 मध्ये. मद्रासला काही महिने ठेवून एप्रिल 1886 मध्ये त्याला सहकुटुंब रत्नागिरीत आणण्यात आले. इथे तेव्हा रेल्वे नव्हती, येणेजाणे मुख्यतः आगबोटीने होई आणि पावसाळ्यात तेही बंद पडे. राजाला जगापासून दूर ठेवायला याहून सोयीची जागा सरकारला मिळणे कठीण होते. राजवाडा मात्र बांधून झाला 1910 मध्ये, आणि डिसेंबर 1916 मध्ये राजाचे निधन झाले. म्हणजे तीस वर्षांपैकी चोवीस वर्षे या कुटुंबाने साध्या बंगल्यांत काढली आणि वाड्यात जेमतेम सहा. सत्ताविसाव्या वर्षी इथे आलेला हा माणूस वाड्यात राहायला गेला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. वाड्याची उतरती कौले आणि लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या पाहताना हे ठाऊक असले, तर भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभी असलेली ती वास्तू निराळी दिसू लागते. मधल्या चोवीस वर्षांत धाकटी राजकन्या इथेच जन्मली, चारही मुली लहानाच्या मोठ्या झाल्या, तुटपुंज्या तनख्यामुळे कर्ज वाढले आणि मंडालेहून आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले गेले. हे सारे वाड्याबाहेर घडले. त्याची आठवण सांगणारे गावात आता फारसे काही नाही.

याच संदर्भात टिळक आळीतील लोकमान्यांच्या जन्मघराचाही उल्लेख केला पाहिजे. राजवाडा आणि हे घर एकाच गावात असूनही पर्यटक ती दोन वेगळी ‘ठिकाणे’ म्हणून पाहतात, आणि आपल्या मजकुरातही ती तशीच, दोन स्वतंत्र चौकटींत आली आहेत. वास्तविक मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत असताना, रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, आणि तो तुरुंग थिबाच्याच जुन्या राजधानीच्या तटबंदीच्या आत होता. राजा नव्या वाड्यात राहायला गेला त्याच सुमारास, 1910-11 च्या हिवाळ्यात, तिकडे कोठडीत पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले जात होते. दोन्ही घरांच्या दारात हे दोन ओळींत लिहून ठेवायला कितीसा खर्च येणार?

आणखी एक गोष्ट आपल्या मजकुरातून पूर्ण सुटली आहे. राजाच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये राणी सुपयालत व कुटुंब ब्रह्मदेशी परतले, एवढ्यावर सगळे लेख संपतात. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावर नोकरीस असलेल्या एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. त्या मुलीला घेऊन ती इथेच राहिली आणि 1947 मध्ये इथेच वारली. मुलगी आपल्यासारखेच मराठी बोलत मोठी झाली, गावातच तिचा संसार झाला, आणि मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाच्या या नातीने चारचौघींसारखे कष्ट उपसून मुले वाढवली. राजाचे दुर्बिणीतून समुद्र न्याहाळणे सगळे चवीने सांगतात. मला स्वतःला ही हकीकत त्याहून अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे हे घराणे ‘आणून ठेवलेले’ न राहता आमच्या गावचे झाले.

राजा आणि धाकटी राणी यांच्या समाध्या शिवाजीनगरात आहेत. म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन 2012 मध्ये भारतभेटीत रत्नागिरीपर्यंत येऊन त्यांचे दर्शन घेऊन गेले. गेल्या दिवाळीत भाचरांना घेऊन मी तिकडे गेलो, तेव्हा वाटेत तिघांना पत्ता विचारावा लागला. तिसऱ्याने आम्हाला उत्साहाने थिबा पॉइंट या पर्यटकांच्या प्रेक्षणीय जागेचा रस्ता दाखवला.

पुढील पर्यटन पुरवणीत वरील दुरुस्ती छापावी आणि राजवाड्यासोबत या समाध्यांचीही माहिती द्यावी, ही विनंती. जुने बंगले कुठे होते हे सांगू शकणारी मंडळी गावात अजून असतील, तर त्यांनीही आपल्याकडे लिहून कळवावे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी